कॅसिन यंग कोण होते, आणि त्यांच्या नावाच्या विनाशिकेचं पुढे काय झालं

प्रश्न असा आला आहे: बोस्टनच्या चार्ल्सटाउन नेव्ही यार्डात 'यूएसएस कॅसिन यंग' नावाची जुनी विनाशिका (डिस्ट्रॉयर, म्हणजे वेगवान लढाऊ जहाज) जपून ठेवली आहे. ज्यांच्या नावावरून तिला नाव मिळालं ते कॅसिन यंग कोण? अमेरिकी नौदलात विनाशिकांना माणसांची नावं का देतात, आणि आपल्याकडे का देत नाहीत?

मी भारतीय नौदलाच्या इंजिनिअरिंग शाखेत होतो. नोकरीची बरीच वर्षं डॅमेज कंट्रोल शिकण्यात आणि शिकवण्यात गेली. जहाजाला भोक पडलं, आग लागली, वीज गेली, तर ते तरंगतं कसं ठेवायचं, हा आमचा विषय. त्यामुळे माझं उत्तर थोडं त्या अंगाने जाईल. यंग यांची गोष्ट त्या अंगानेच नीट कळते, असं माझं मत आहे.

आधी नावाची पद्धत. अमेरिकी नौदलात विनाशिकांना नौदलातल्या किंवा मरीन कोअरमधल्या (समुद्री सैन्यातल्या) दिवंगत शूर माणसांची नावं देण्याचा रिवाज जुना आहे. अंतिम निर्णय नौदल मंत्र्याचा. जलावतरणाला शक्यतो त्या माणसाच्या घरची बाई बोलावतात: पत्नी, आई, मुलगी. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, शॅम्पेनची बाटली ती फोडते. दुसऱ्या महायुद्धात हे सगळं विलक्षण वेगाने होत होतं. फ्लेचर वर्गाच्या, म्हणजे त्या एकाच नमुन्याच्या, एकूण 175 विनाशिका तेव्हा बांधल्या गेल्या. नावं लागतच होती, आणि दुर्दैवाने ती मिळतही होती. नवरा जाऊन वर्षही झालेलं नसताना त्याच्या नावाचं जहाज पाण्यात सोडायला बायकोला बोलावणं येई.

कॅसिन यंग यांचा जन्म 1894 चा, वॉशिंग्टनचा. 1916 मध्ये ते अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले. 7 डिसेंबर 1941 रोजी ते पर्ल हार्बरमध्ये 'व्हेस्टल' या दुरुस्ती-जहाजाचे कमांडर होते. दुरुस्ती-जहाज म्हणजे तरंगतं वर्कशॉप. लढाई हे त्याचं काम नव्हे. त्या सकाळी व्हेस्टल 'अ‍ॅरिझोना' या बॅटलशिपच्या, म्हणजे अवजड चिलखती युद्धनौकेच्या, बाहेरच्या बाजूला, तिला दोर लावून उभी होती.

जपानी हल्ला सुरू झाल्यावर व्हेस्टलला बॉम्ब लागले, जहाज पेटलं. यंग तीन इंची विमानविरोधी तोफेवर स्वतः उभे राहिले. एवढ्यात अ‍ॅरिझोनाचं पुढचं दारूगोळ्याचं कोठार उडालं. एकट्या अ‍ॅरिझोनावर 1,177 माणसं गेली. त्या स्फोटाच्या दाबाने यंग आपल्या जहाजावरून पाण्यात फेकले गेले. दोन जहाजांच्या मधल्या पाण्यावर तेल पेटलेलं होतं. इकडे व्हेस्टलवर 'जहाज सोडा' असा हुकूम सुटला होता आणि लोक उतरायला लागले होते. यंग पोहत परत आले, जहाजावर चढले आणि तो हुकूम त्यांनी रद्द केला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण त्यांचं पुढचं काम सहज नजरेतून सुटतं. जळत्या अ‍ॅरिझोनाला बांधलेले दोर तोडले. एका टगने (जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीने) नाळ ओढून बाहेर काढली. सुकाणू नीट चालत नसताना यंगनी जहाज तिथून हलवलं आणि लांब नेऊन नांगर टाकला. पण पाणी आत येतच होतं, जहाज कलत होतं, खाली बसत होतं. तेव्हा त्यांनी ठरवलं की हे इथे खोल पाण्यात बुडू द्यायचं नाही. पुन्हा हलवून त्यांनी ते मुद्दाम उथळ भागात गाळावर चढवलं. कप्तानाला आपल्या हाताने आपलं जहाज जमिनीवर घालणं किती जड जातं हे समुद्रावर राहिलेल्या कुणालाही विचारा. शिकवणीत आम्ही ते शेवटचा उपाय म्हणून सांगतो, आणि तो बहुतेक वेळा उशिरा केला जातो. यंगनी वेळेत केला. व्हेस्टल दुरुस्त झाली आणि पुढे युद्धभर इतर जहाजांना दुरुस्त करत राहिली. या कामगिरीसाठी त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं, अमेरिकेतला सर्वोच्च शौर्य सन्मान.

1942 मध्ये ते कॅप्टन झाले. नोव्हेंबरमध्ये 'सान फ्रान्सिस्को' या हेवी क्रूझरची, म्हणजे बॅटलशिपहून लहान पण विनाशिकेहून मोठ्या युद्धनौकेची, सूत्रं त्यांच्याकडे आली. जहाजाची नीट ओळख व्हायला जेमतेम काही दिवस मिळाले आणि 12 नोव्हेंबरची रात्र उजाडली.

जागा ग्वाडालकॅनल, सॉलोमन बेटांमधलं. जपानी ताफा रात्री येऊन तिथल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या हेंडरसन धावपट्टीवर तोफा डागणार होता. त्यात 'हिएई' आणि 'किरिशिमा' या दोन बॅटलशिप होत्या. अडवायला अमेरिकेकडे बॅटलशिप नव्हती. पाच क्रूझर आणि आठ विनाशिका होत्या. नेतृत्व रिअर अ‍ॅडमिरल डॅनियल कॅलाघन यांचं. ते मूळचे सान फ्रान्सिस्को शहराचे, आधी याच क्रूझरचे कप्तान राहिलेले, आणि त्या रात्री हीच त्यांची ध्वजनौका, म्हणजे ताफ्याचा प्रमुख जिथून हुकूम देतो ते जहाज. म्हणजे ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात त्या वरच्या कक्षात, कॅलाघन आणि यंग दोघेही होते.

13 तारखेच्या मध्यरात्रीनंतर दोन्ही ताफे अंधारात एकमेकांत घुसले. कॅलाघन यांच्यावर नंतर टीका झाली आणि ती मला बरीचशी पटते. ताफ्यातलं नवं, चांगलं रडार 'हेलेना'वर होतं. ध्वजनौकेवर जुनं होतं. शत्रू कुठे आहे याची बातमी रेडिओवर विचारून घेण्यात मोलाची मिनिटं गेली. त्या गोंधळात सान फ्रान्सिस्कोच्या तोफांचे काही गोळे आपल्याच 'अटलांटा' या क्रूझरवर पडले. अटलांटावर रिअर अ‍ॅडमिरल नॉर्मन स्कॉट होते. तेही त्या रात्री मारले गेले. एका लढाईत दोन अ‍ॅडमिरल गेले.

हिएईच्या मोठ्या तोफा आणि इतर जहाजांचे गोळे सान फ्रान्सिस्कोवर येत होते. एकूण 45 वेळा जहाजाला मार बसला. ब्रिजवर गोळा फुटला आणि कॅलाघन, यंग आणि त्यांच्याबरोबरचे बहुतेक अधिकारी जागीच गेले. पण तोवर क्रूझरने अगदी जवळून हिएईचं सुकाणू निकामी केलेलं होतं. दुसऱ्या दिवशी अमेरिकी विमानांनी तिला गाठलं आणि संध्याकाळी ती बुडाली. धावपट्टीवरचा तोफमारा त्या रात्री झालाच नाही.

आता ज्या माणसाचं नाव या गोष्टीत फारसं येत नाही त्याच्याबद्दल. ब्रिज गेल्यावर लेफ्टनंट कमांडर ब्रूस मॅककँडलेस या संपर्क अधिकाऱ्याने सुकाण्याचा ताबा घेतला. जिवंत अधिकाऱ्यांत वरिष्ठ होते लेफ्टनंट कमांडर हर्बर्ट शॉनलँड, म्हणजे डॅमेज कंट्रोल अधिकारी. ते खाली होते, कमरेएवढ्या पाण्यात, हातातल्या दिव्यांच्या उजेडात. वर येऊन जहाजाचा ताबा घेणं हा त्यांचा हक्क होता. त्यांनी मॅककँडलेसना वरचं तुम्हीच बघा असं सांगितलं आणि स्वतः खाली राहिले.

तो निर्णय अचूक होता. पाण्याच्या पातळीजवळ भोकं पडून दुसऱ्या डेकवर पाणी साचलं होतं. उंचावर, रुंद जागेत मोकळं हलणारं पाणी तळातल्या पाण्यापेक्षा कितीतरी घातक. भरलेली परात घेऊन चालताना पाणी एका बाजूला धावलं की हात तिकडेच ओढला जातो, तसं जहाज प्रत्येक वळणाला अधिक कलतं आणि एकदा उलटलं की संपलं. शॉनलँडनी ते पाणी हटवून घेतलं, कप्पे पुन्हा बंद केले आणि जहाज तरंगतं राहिलं. त्यांना आणि मॅककँडलेसना मेडल ऑफ ऑनर मिळालं. कॅलाघन यांना मरणोत्तर. यंगना मरणोत्तर नेव्ही क्रॉस, मेडल ऑफ ऑनरच्या खालोखालचा सन्मान.

बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना या जहाजाचं ब्रिज आजही बघता येतं. दुरुस्तीच्या वेळी काढलेले त्याचे दोन्ही बाजूंचे भाग सान फ्रान्सिस्को शहरात लँड्स एंडला स्मारक म्हणून उभे केले आहेत. पोलादात गोळ्यांची भोकं तशीच आहेत. पत्र्याच्या कडा कुठल्या दिशेने वळल्या आहेत ते बघा, म्हणजे गोळा कुठून आत शिरला आणि कुठून बाहेर गेला ते कळतं.

त्या एका रात्रीने आणि दुसऱ्या सकाळने किती विनाशिकांना नावं दिली याची मोजदाद केली तर मन सुन्न होतं. कॅलाघन, कॅसिन यंग, नॉर्मन स्कॉट. सान फ्रान्सिस्कोवरचा बोट्सवेन्स मेट राइनहार्ट केप्लर, जो आगी विझवता विझवता जखमांनी गेला, त्याच्या नावाची 'केप्लर'. आणि 'द सलिव्हन्स': आयोवातल्या वॉटर्लू गावचे पाच सख्खे भाऊ 'जुनो' या क्रूझरवर एकत्र होते, आणि 13 च्या सकाळी जपानी पाणबुडीने जुनो बुडवली. त्या विनाशिकेच्या जलावतरणाला आईच हजर होती.

कॅलाघन आणि कॅसिन यंग या दोन विनाशिकांचे क्रमांक लागोपाठचे आहेत, 792 आणि 793. दोन्ही कॅलिफोर्नियात सान पेद्रोच्या बेथलेहेम यार्डात बांधल्या गेल्या. पहिली 1 ऑगस्ट 1943 ला पाण्यात उतरली, दुसरी 12 सप्टेंबर 1943 ला. दोन्ही वेळा जलावतरण त्या त्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झालं. एका ब्रिजवर गेलेल्या दोन माणसांची नावं एकाच यार्डात सहा आठवड्यांच्या अंतराने समुद्रात उतरली.

विनाशिका म्हणून कॅसिन यंग कशी होती? फ्लेचर वर्गाची, म्हणजे साधारण 376 फूट लांब आणि 39 फूट रुंद, पाच इंची पाच तोफा, दहा टॉर्पेडो नळ्या, 60,000 अश्वशक्ती, पाण्याखाली जहाज ढकलणारे दोन पंखे (प्रोपेलर). चिलखत जवळपास नाहीच. तीनशेहून अधिक माणसं या चिंचोळ्या पत्र्यात राहत, बंक तीन-तीन एकावर एक. तिची खरी ताकद आत आहे: पुढची बॉयलर रूम, मग पुढची इंजिन रूम, मग मागची बॉयलर रूम, मग मागची इंजिन रूम, अशी आलटून पालटून मांडणी. एका ठिकाणी मार बसला तरी दुसरी बॉयलर-इंजिनाची जोडी एक पंखा फिरवत राहू शकते. हे लक्षात ठेवा, कारण जुलै 1945 मध्ये त्याचाच उपयोग झाला.

त्याआधी 24 ऑक्टोबर 1944 ला फिलिपीन्समधल्या लेटेच्या लढाईत 'प्रिन्स्टन' ही हलकी विमानवाहू नौका जळत असताना कॅसिन यंगने तिची 120 हून अधिक माणसं पाण्यातून वर घेतली. मग आलं ओकिनावा, जपानच्या दक्षिणेचं बेट.

ओकिनावाभोवती अमेरिकेने रडार-पिकेटची ठाणी आखली होती. एकेक-दोन-दोन विनाशिका मुख्य ताफ्यापासून दूर उभ्या राहत आणि जपानहून येणाऱ्या विमानांची खबर आधी देत. खबर देणारा आधी मार खातो. 12 एप्रिल 1945 ला एक आत्मघाती विमान कॅसिन यंगच्या पुढच्या डोलकाठीला आदळून डोक्यावर पन्नास फुटांवर फुटलं. एक ठार, 59 जखमी. दुरुस्ती करून ती परत आपल्या ठाण्यावर आली.

28 जुलैच्या रात्री कॅलाघन पिकेटवर होती. थोड्याच वेळात दुसरं जहाज तिची जागा घेणार होतं आणि ती घराकडे निघणार होती. तेव्हा एक जुनं दोन-पंखी प्रशिक्षण विमान खालून, हळू आलं. लाकूड आणि कापडाचं विमान. रडारच्या लहरी त्यावरून नीट परतत नाहीत, आणि लक्ष्याजवळ आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे त्या काळचे फ्यूज रेडिओ लहरींच्या परतीवरच चालत. म्हणजे आधुनिक धातूच्या विमानापुढे जे हत्यार हमखास चालायचं ते या जुनाट विमानापुढे लटकं पडलं. विमान आदळलं, बॉम्ब मागच्या इंजिन रूममध्ये फुटला, पाणी भरलं आणि वर पेटलेला दारूगोळा फुटायला लागल्यामुळे शेजारच्या जहाजांना जवळ येऊन मदतही करता येईना. 29 च्या पहाटे अडीचच्या सुमारास कॅलाघन बुडाली. 47 माणसं गेली. आत्मघाती हल्ल्यात बुडालेली ती शेवटची अमेरिकी विनाशिका.

तिच्या वाचलेल्या लोकांना पाण्यातून काढणाऱ्यांत कॅसिन यंग होती. तिने 125 जणांना वर घेतलं. दोन अधिकारी एका ब्रिजवर गेले. तीन वर्षांच्या आत त्यांच्या नावाच्या दोन जहाजांपैकी एक बुडालं आणि दुसऱ्याने त्याची माणसं वाचवली. मी योगायोगांना फार महत्त्व देणारा माणूस नाही, तरी हे वाचलं की प्रत्येक वेळी पुस्तक खाली ठेवावं लागतं.

पुढच्याच रात्री, 30 जुलैच्या पहाटे, कॅसिन यंगवर विमान आदळलं, उजव्या बाजूला. मध्यभागी प्रचंड स्फोट झाला. 22 ठार, 45 जखमी. जहाज अंधारात, थांबलेलं. आणि वीस मिनिटांत एक इंजिन पुन्हा चालू करून, आगी आटोक्यात आणून ती केरामा रेट्टोच्या सुरक्षित बंदराकडे निघाली. वीस मिनिटं! वाफेवर चालणाऱ्या जहाजात त्या वेळात काय काय करावं लागतं ते सांगतो: फुटलेल्या भागाकडे जाणारे वाफेचे व्हॉल्व्ह बंद करायचे, उरलेल्या बॉयलरची वाफ उरलेल्या इंजिनाकडे वळवायची, पाण्याच्या पंपांना वीज द्यायची, आणि हे सगळं धुरात, अंधारात, ओळखीची माणसं खाली पडलेली असताना. हे हात आधी शेकडो वेळा त्याच व्हॉल्व्हवर फिरलेले असल्याशिवाय होत नाही. दोन आठवड्यांनी युद्ध संपलं.

अ‍ॅरिझोनाच्या दुसऱ्या धाग्याबद्दल थोडक्यात. ज्या क्षणी यंग पाण्यात फेकले गेले, त्याच क्षणी काही मीटरांवर अ‍ॅरिझोनाच्या ब्रिजवर रिअर अ‍ॅडमिरल आयझॅक किड मारले गेले. त्यांचा देह मिळालाच नाही. ब्रिजच्या पोलादाला वितळून चिकटलेली त्यांची अकादमीची अंगठी तेवढी सापडली. त्यांच्या नावाची विनाशिका 'किड' हीसुद्धा फ्लेचर वर्गाचीच. अकादमीत त्यांना 'कॅप' किड म्हणत, कॅप्टन किड या जुन्या समुद्री चाच्याच्या नावावरून. म्हणून खलाशांनी कवटीचा काळा झेंडा लावला, आणि त्याची परवानगी मिळवून द्यायला श्रीमती किड स्वतः पुढे आल्या. ओकिनावाला किडवर 11 एप्रिलला विमान आदळलं, कॅसिन यंगच्या आदल्याच दिवशी. 38 माणसं गेली. आज ती लुइझियानात बॅटन रूजचं संग्रहालय-जहाज आहे. फ्लेचर वर्गाच्या अशा चारच उरल्या आहेत: बोस्टनला कॅसिन यंग, बफेलोला द सलिव्हन्स, बॅटन रूजची किड, आणि ग्रीसमध्ये 'व्हेलोस'.

आता आपल्याकडचं. भारतीय नौदलात विनाशिकांना शहरांची नावं देतात: दिल्ली, मुंबई, कोलकाता, विशाखापट्टणम, मुरगाव, इंफाळ. या सगळ्या माझगाव डॉकमध्येच बांधल्या गेल्या. फ्रिगेटींना, म्हणजे विनाशिकांहून लहान युद्धनौकांना, पर्वत, नद्या, शस्त्रं यांची. माणसांची नावं आपण किनाऱ्यावरच्या तळांना दिली, उदाहरणार्थ मुंबईतलं आयएनएस आंग्रे, लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी. समुद्रावर माणसांची नावं गेली ती व्यापारी जहाजांवर: शिपिंग कॉर्पोरेशनने 1980 च्या दशकात आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली. त्यात मेजर सोमनाथ शर्मा होते, लेफ्टनंट कर्नल तारापोर होते, आणि तेव्हा हयात असलेले रामा राघोबा राणेही होते. 2023 मध्ये अंदमानच्या 21 बेटांना परमवीरांची नावं मिळाली.

आपल्या नौदलात यंग यांच्या तोलाचं नाव म्हणजे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' फ्रिगेट बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबर गेले. महावीरचक्र मरणोत्तर. आपण विनाशिकेला मुल्लांचं नाव दिलं नाही. जहाजाचंच नाव पुढे चालवलं. माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी खुकरी, कॉर्व्हेट म्हणजे फ्रिगेटहून लहान लढाऊ जहाज, 1989 मध्ये दाखल झाली.

मला विचाराल तर मला आपली रीत जास्त पटते. माणसाचं नाव दिलं की ब्रिजवरचा अधिकारी लक्षात राहतो. पण सान फ्रान्सिस्कोवर खालच्या डेकवर गेलेल्या कित्येकांच्या नावाचं काहीच झालं नाही. केप्लरसारखा नौसैनिक अपवाद. खुकरी म्हटलं की मुल्ला आठवतात आणि इंजिन रूममधून वर येऊ न शकलेले लोकही आठवतात, निदान आमच्या शाखेत तरी. ती दुसरी खुकरी 2021 च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि आता दीवला आहे. ते नाव तिसऱ्यांदा एखाद्या लढाऊ जहाजावर लागावं, आणि ते लवकर लागावं, असं मला मनापासून वाटतं.